ओपन व्हायवाचा हिवाळा

चाकणच्या बाजारात हिवाळ्यातला कांदा यायला लागला, की मोशीतल्या आमच्या गॅलरीत मला त्याचा वास येतो. घरात हे कुणालाच पटत नाही. चाकण कुठं, आपण कुठं, असं माझी बायको मंगल म्हणते. पण मला येतो. सकाळी इंद्रायणीवरचं धुकं रस्त्यापर्यंत चढून आलेलं असतं, कंपन्यांच्या बस दिवे लावून जात असतात आणि त्यांच्या मध्ये कांद्याच्या गोण्यांनी लादलेला एखादा ट्रक अडकलेला असतो. तो वास आला, की मी मोबाईल उघडून बघतो. दोन-चार दिवसांच्या फरकानं विद्यापीठाची यादी आलेली असते. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, आगामी कार्यक्रम.

यंदाची यादी परवा आली. नदीच्या आरोग्यावर जाहीर व्याख्यान, विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर दोन दिवसांचं चर्चासत्र, गावदेवतांच्या कथांवर कुणा बाईंचं भाषण, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत पीएच.डी.च्या खुल्या मौखिक परीक्षा. विद्यापीठात त्यांना सगळे ओपन व्हायवा म्हणतात. उमेदवारानं पाच-सहा वर्षं खपून लिहिलेला प्रबंध चारचौघांसमोर मांडायचा, परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं आणि मग डॉक्टर होऊन खाली उतरायचं. प्रत्येक सूचनेच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते, 'सर्व इच्छुकांनी उपस्थित राहावे.' चार वर्षांपूर्वी त्या ओळीनं माझा एक अख्खा हिवाळा खाल्ला.

ती ओळ नुसती रीत म्हणून लिहितात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओपन व्हायवाला मार्गदर्शक असतात, विभागातले मित्रमैत्रिणी असतात, घरची माणसं असतात. वाटेवरचा माणूस सहसा आत शिरत नाही. पण मी तीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काढलेली. ड्रॉइंगवर जे लिहिलंय ते लिहिलंय. 'चालतंय की राव' म्हणणाऱ्यांनी बनवलेले भाग मी जन्मभर लाल डब्यात टाकत आलो. 'सर्व इच्छुकांनी' म्हटल्यावर मी इच्छुक होतो, सर्वांत मोडत होतो, आणि विद्यापीठ घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. मग जायचं नाही तर काय करायचं?

पाळ्यांनीही साथ दिली. पहिल्या पाळीच्या आठवड्यात साडेतीनला सुटून बसनं यायचं, तोंड धुऊन संध्याकाळच्या व्याख्यानाला जायचं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी, म्हणजे अकराचा व्हायवा. त्या हिवाळ्यात मी किती सभागृहांतल्या खुर्च्या झिजवल्या याचा हिशेब नाही. आजही डोळे मिटले की त्या सभागृहांचा वास येतो: नव्या रंगाचा, समईच्या तेलाचा, थर्मासमधल्या अतिगोड चहाचा आणि प्रोजेक्टर तापल्यावर येतो त्या धुळीचा.

पहिल्या व्हायवाला मी गेलो तेव्हा दारातला शिपाई उठून उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात वही. मला त्यानं बाहेरगावचा परीक्षक समजून पहिल्या रांगेत, टॉवेल घातलेल्या खुर्चीत नेऊन बसवलं. पाणी आलं. खरे परीक्षक आले तेव्हा त्यांना साधी खुर्ची मिळाली. मला उठायचंही सुचेना. व्यासपीठावरचा मुलगा माझ्याकडे बघून बघून घामाघूम झाला होता. नदीच्या पाण्यातल्या क्षारांवर त्याचा अभ्यास होता आणि चांगला होता. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाचा काही प्रश्न?" हा प्रश्नही रीतीचाच असतो, तेही मला माहीत नव्हतं. मी हात वर केला.

"पाण्याचे नमुने तुम्ही रोज अकरा वाजताच घेतलेत. का?"

"सर, एकसारखी वेळ असावी म्हणून."

"अकराच का?"

"त्या वेळी पाणी स्थिर असतं."

"असं कशावरून? का?"

मुलानं एकदा मार्गदर्शकांकडे पाहिलं, एकदा छताकडे. मग खरं बोलला. "सर, माझी बस साडेदहाला पोचायची."

सभागृह हसलं. मी हसलो नाही, कारण मला ते उत्तर आवडलं होतं. आमच्या कारखान्यात याला व्हाय-व्हाय म्हणतात. एखादा भाग खराब निघाला की कागद घ्यायचा आणि पाच वेळा का, का असं विचारत जायचं. भोक वाकडं पडलं. का? ड्रिल हललं. का? पकड सैल होती. का? पहिली दोन उत्तरं बहुतेक वेळा सबबी असतात. तिसऱ्यापासून माणूस खरं बोलायला लागतो. आणि त्यात एक नियम असतो: पाचव्या ओळीत कधीही माणसाचं नाव लिहायचं नाही. ऑपरेटरचा निष्काळजीपणा, असं लिहिलेला कागद आम्ही फाडून टाकायचो. दोष यंत्रणेत शोधायचा, माणसात नाही. हा नियम मला फार आवडायचा. आपण किती न्यायी आहोत, असं वाटायचं.

संध्याकाळच्या व्याख्यानांची तऱ्हा वेगळी. तिथं प्रश्नोत्तरांत प्रश्न सोडून सगळं येतं. "प्रश्न नाही, फक्त दोन शब्द बोलतो," म्हणून उठलेले गृहस्थ दहा मिनिटं स्वतःचं चरित्र सांगतात आणि शेवटी वक्त्यालाच शुभेच्छा देऊन बसतात. आभार मानणारा चिठ्ठी काढून माइकवाल्यापासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतो. अशा गर्दीत सरळ प्रश्न विचारणारा माणूस लवकर डोळ्यांवर येतो. जानेवारी उजाडेपर्यंत शिपाई मला नावानं ओळखायला लागला. चहावाल्या मावशी माझ्या कपात कमी साखर घालायला लागल्या. मला भलतंच बरं वाटायचं. आयटीआय करून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी परभणीहून इकडे आलेल्या माणसाला विद्यापीठात खुर्ची मिळाली होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. माझी मुलगी अश्विनी त्याच विद्यापीठात समाजशास्त्राची पीएच.डी. करत होती, आणि तिचा व्हायवा त्याच हिवाळ्याच्या यादीत होता.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. मी शेंगा सोलत होतो.

"बाबा, माझ्या व्हायवाला तुम्ही यायचं. पण प्रश्न विचारायचा नाही."

"का?"

"हेच. हाच शब्द उच्चारायचा नाही."

"अगं, मी चार लोकांच्या पोरांना विचारतो. तुला नाही विचारलं तर लोक काय म्हणतील?"

"परीक्षकांचे प्रश्न मला झेपतील, बाबा. तुमचा नाही झेपणार. मला शब्द द्या."

मी दिला. खरं सांगतो, मला तेव्हा अभिमानच वाटला. मुलगी बाहेरच्या परीक्षकांना घाबरत नाही आणि मला घाबरते, हे मी दोन दिवस मनातल्या मनात मिरवलं. माझा प्रश्न इतका धारदार आहे, असं मी समजत होतो.

तिचा प्रबंध मराठीत होता. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या स्त्रिया आणि त्यांनी नोकरी सोडण्याची कारणं, असा विषय. त्याची एक जाड प्रत घरी होती. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी सकाळी गॅलरीत ऊन खात ती वाचायला घेतली. शब्द दिला होता तो न विचारण्याचा, न वाचण्याचा नव्हे. सवयीनं हातात पेन्सिल होती. तिची वाक्यं सरळ होती. पान उलटताना मला अधूनमधून उगाच भरून यायचं.

मागच्या बाजूला मुलाखती होत्या. बायकांची नावं नव्हती, नुसते क्रमांक. मुलाखत क्रमांक सत्तावीस: 'वायर हार्नेस विभाग. काम केल्याचा काळ चार वर्षं. नोकरी सोडण्याचं कारण: घरची जबाबदारी.' गाडीतल्या विजेच्या वायरी एकत्र बांधून जी जुडी करतात तिला हार्नेस म्हणतात. त्याखाली त्या बाईचे शब्द जसेच्या तसे होते: 'बोर्डावर ढीगभर वायरी राहायच्या. रंग बघायचाच नाही, हात आपोआप जायचा. सायबानं एकदा लाइन थांबवून सगळ्या पोरींना माझा हात बघायला लावलं. मला लाइन लीडर करणार होते. मग सोडलं.'

मी पान मिटलं आणि स्वयंपाकघरात पाहिलं. मंगल पाठमोरी उभी राहून मेथी निवडत होती.

अश्विनी लहान असताना मंगल चारेक वर्षं हार्नेसच्या कंपनीत जायची, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? डबे तर आमचे एकाच ओट्यावर भरले जायचे. पण साहेबानं तिच्यासाठी लाइन थांबवली होती, हे मला माहीत नव्हतं. लाइन थांबवणं म्हणजे मिनिटामिनिटाचं उत्पादन बुडवणं, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझ्यासाठी कुणी कधी लाइन थांबवली नाही.

पेन्सिल हातातच होती. मी प्रबंधाच्या कडेला नाही, वर्तमानपत्राच्या कोऱ्या पट्टीवर लिहायला लागलो. का सोडलं? घरची जबाबदारी. का झेपेना? दोघांच्या पाळ्या एका आठवड्यात दुपारच्या यायच्या आणि पोर कुलूप लावलेल्या खोलीत एकटी राहायची. पाळी का बदलली नाही? तिची कंपनी बदलून देईना. माझी देत होती. स्टोअरमध्ये जनरल, म्हणजे कायम दिवसाच्या पाळीची जागा रिकामी होती, मला विचारलंही होतं. मग मी का घेतली नाही? कारण क्वालिटीत माझं नाव होतं, आणि स्टोअरमध्ये बसून बोल्ट मोजणं मला कमीपणाचं वाटलं. चार ओळी झाल्या. पाचवी यायची होती. मी नियम आठवून पाहिला, की पाचव्या ओळीत माणूस लिहायचा नाही, यंत्रणा लिहायची. यंत्रणा म्हणून काय काय लिहिता येईल त्याचा विचार केला. पाळणाघर नव्हतं. शेजार नवा होता. काळच तसा होता. सगळं खरं होतं, आणि आमच्या विभागात असा कागद माझ्यासमोर आला असता तर मी तो परत पाठवला असता. पाचव्या ओळीत माझंच नाव होतं.

तिनं ज्या दिवशी सोडलं तो दिवस मला आठवतो. कणीक मळता मळता म्हणाली होती, "सोमवारपासून जात नाही." आणि मी म्हणालो होतो, "बरं." एवढंच. ज्यानं अख्ख्या विद्यापीठाला का विचारून हैराण केलं, त्यानं त्या दिवशी तो शब्द उच्चारला नव्हता.

अश्विनी मला का घाबरत होती ते आता कळलं. तिला माझ्या प्रश्नाची भीती नव्हती. मी भर सभागृहात सत्तावीस क्रमांकावर बोट ठेवीन आणि उत्तर तिला माझ्या तोंडावर द्यावं लागेल, याची होती. मी ती पट्टी फाडली. मंगलला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाला गेलो, पण काय ऐकलं ते आठवत नाही.

आज मागं वळून बघताना वाटतं, प्रश्न विचारणं तसं सोपं असतं. हात वर करायचा, माइक आपल्याकडे येतो, लोक माना वळवतात. अवघड असतं ते ज्याला आपण कधी विचारलं नाही त्याच्या शेजारी बसणं. मी तर सत्तावीस क्रमांकाच्या शेजारी रोज जेवत होतो. त्या दिवसांत तिनं भाकरी वाढली की मी वर बघायचो नाही. तिला वाटलं, लेकीच्या परीक्षेची काळजी लागली असेल.

व्हायवाच्या दिवशी मी रजा टाकली. धुकं उशिरापर्यंत होतं. मंगलनं हिरवी साडी नेसली होती आणि चौकातून पेढे घेतले होते. इतकी वर्षं जवळ राहून ती विद्यापीठाच्या आत पहिल्यांदाच येत होती. फलकावरची सूचना तिनं बोट फिरवत वाचली.

"सर्व इच्छुकांनी. म्हणजे कुणी पण आलं तरी चालतंय?"

"चालतं."

"आन् बोललं तरी?"

"शेवटी विचारतात ते, कुणाचा प्रश्न आहे का म्हणून."

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. पहिल्या रांगेत बसायचं मला धैर्य झालं नाही.

अश्विनीनं फार छान मांडलं. आवाज पहिली दोन वाक्यं कापला, मग लागला. बाहेरगावहून आलेल्या परीक्षक बाईंनी तिला चांगलंच धारेवर धरलं, पण ती डगमगली नाही. तासाभरानं अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाचा काही प्रश्न?" विचारताना ते माझ्याकडे बघून हसले. विभागातली मुलंही वळून बघायला लागली. अश्विनी माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली आणि हात मांडीखाली धरून ठेवले.

शेजारची खुर्ची करकरली. मंगल उभी राहिली होती.

"मॅडम, मला एक विचारायचंय."

पोटच्या पोरीला ती मॅडम म्हणाली. चेष्टेनं नाही. त्या जागेत तसंच बोलतात, असं ती तासभर बघत होती.

"विचारा ना," अश्विनी म्हणाली.

"तुमच्या पुस्तकात सत्तावीस नंबरची बाई हाय. तिनं काम का सोडलं, ते तुम्ही तिला विचारलात. तिनं सांगितलं, तुम्ही लिवून घेतलात. पण तिला सोडायचं होतं का, हे विचारलात का?"

घरातली ती जाड प्रत मंगलनंही वाचली होती, हे मला तेव्हा कळलं. अश्विनी कागद चाळायला लागली आणि मग तिनं ते खाली ठेवले.

"नाही. विचारलं नाही. माझ्या प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता."

परीक्षक बाईंनी पेन उचललं. "फार महत्त्वाचा मुद्दा आहे," त्या म्हणाल्या. "ताई, तुम्ही त्यांना ओळखता का? त्यांना काय वाटत असेल?"

"नव्हतं सोडायचं," मंगल म्हणाली आणि खाली बसली. पदर नीट केला. मला रडू आवरेना. मी रुमाल काढून सर्दी झाल्यासारखं केलं.

पुढं सगळं रीतीप्रमाणे झालं. अहवाल वाचला गेला, टाळ्या झाल्या, अश्विनी डॉक्टर झाली. तिनं आधी आईला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. किरकोळ दुरुस्त्या करून अंतिम प्रत सादर करायला परीक्षकांनी पंधरा दिवस दिले. पेढे कमी पडले. विभागातल्या मुली मंगलभोवती गोळा होऊन फोटो काढत होत्या आणि मी थर्मासजवळ एकटा उभा होतो.

घरी आम्ही दोघं चालत निघालो. अश्विनी मागून येणार होती. रस्त्याला कंपनीच्या बस आणि ट्रक यांची रांग लागली होती. बरंच अंतर गेल्यावर मी म्हणालो, "तू सोडलंस तेव्हा मी नुसतं बरं म्हणालो होतो."

"म्हणलात."

"का म्हणालो, ते विचार की मला."

"मी कशाला विचारू? मला ठावं आहे. तुम्हाला ठावं आहे का, तेवढंच बघायचं होतं."

"आहे."

"मग सांगा."

मी सांगितलं. स्टोअरमधली जागा, मला विचारलं होतं ते, मी नाही म्हणालो ते, आणि तिला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं ते. हॉर्न वाजत होते म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. मी कुठलाही नियम लावला नाही. यंत्रणेचं नाव घेतलं नाही, पाळणाघराचं घेतलं नाही. ती परीक्षकांसारखी मधे न बोलता ऐकत होती. नजर समोरच्या रस्त्यावर होती आणि चाल तेवढी हळू झाली होती. माझं सांगून संपलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, निदान रागावेल तरी. आमच्या इमारतीच्या फाटकापर्यंत ती तशीच चालत राहिली. आत शिरताना थांबली.

"अश्वीनं पुस्तकात चार वर्षं लिवलंय," ती म्हणाली. "चार वर्षं सात महिने केलं मी. तेवढं दुरुस्त कर म्हणावं तिला."